यंत्राची साक्ष आणि माणसाची जबाबदारी

ज्याला फसवले गेले, तो दोषी असतो काय? प्रश्न जुना आहे आणि वरवर पाहता त्याचे उत्तरही सोपे वाटते. खोट्या साक्षीवर विसंबून न्यायाधीशाने निकाल दिला, तर पाप साक्षीदाराच्या माथी जाते. प्रयोगशाळेच्या चुकीच्या अहवालावरून डॉक्टरने औषध लिहून दिले, तर आपण बोट प्रयोगशाळेकडे दाखवतो. फसलेल्या माणसाविषयी आपल्या मनात सहानुभूती असते आणि ती असावी हे योग्यच आहे. परंतु जगण्याची काही क्षेत्रे अशी आहेत, की तेथे हे सोपे उत्तर पुरत नाही. तेथे फसणाऱ्याच्या हाती इतरांचे प्राण असतात, फसवणूक करणारा हेतू नसलेला निर्जीव पदार्थ असतो आणि विचाराला मिळणारा वेळ मिनिटांत नव्हे तर सेकंदांत मोजावा लागतो. ढगात शिरलेले लहान विमान आणि त्यातील बिघडलेले यंत्र हे असेच एक क्षेत्र होय. त्या अरुंद जागेत आपला जुना प्रश्न फार स्पष्ट दिसतो, म्हणून तेथेच त्याचा विचार करून पाहू.

स्वच्छ हवेत वैमानिक क्षितिजाकडे पाहून विमान चालवतो. जमीन आणि आकाश यांना विभागणारी ती रेषा त्याला सतत सांगत असते, की पंख सरळ आहेत की कलले आहेत, नाक वर आहे की खाली. ढगात शिरताच ती रेषा नाहीशी होते. खिडकीबाहेर सर्वत्र सारखाच करडा रंग भरतो आणि वैमानिकापुढे उरते ती यंत्रांची पाटी. तिच्यावरील काटे आणि तबकड्या पाहून विमान चालवणे याला यंत्राधारित उड्डाण म्हणतात. त्याचे शिक्षण वेगळे, परवाना वेगळा आणि त्याची साधनाही वेगळी आहे.

ही साधना कशाची? प्रथम स्वतःच्या शरीरावर अविश्वास ठेवण्याची. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांतील द्रव हलला की डोके वळत असल्याची जाणीव आपल्याला होते. परंतु वळण एकसारखे चालू राहिले, की वीसेक सेकंदांत तो द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो आणि जाणीव मावळते. विमान वळत असते, शरीर मात्र ठामपणे सांगते की आपण सरळ चाललो आहोत. मग वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले, तर शरीर ओरडून सांगते की आता आपण उलट बाजूला वळलो. ही ओरड दुर्बळ मनाची नव्हे, ती निरोगी शरीराची आहे. १९२६ साली अमेरिकी सैन्यातील विल्यम ऑकर नावाच्या अनुभवी वैमानिकाला वैद्यकीय तपासणीत डोळे झाकून फिरत्या खुर्चीवर बसवण्यात आले. खुर्ची कोणत्या बाजूला फिरते आहे, हे त्याला सांगता येईना. अपमान वाटून घेण्याऐवजी ऑकरने एका पेटीत वळणदर्शक यंत्र बसवले, पेटीत डोके घालून तो पुन्हा खुर्चीवर बसला आणि प्रत्येक वेळी अचूक उत्तर देऊ लागला. शरीराला जे कळत नव्हते, ते यंत्राला कळत होते.

तीन वर्षांनी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल याने कापडी आच्छादनाखाली बसून, बाहेरचे काहीही न पाहता, विमान उडवले, वळवले आणि पुन्हा उतरवले. पुढच्या आसनावर दुसरा वैमानिक सावधगिरी म्हणून बसला होता, पण सुकाणूला हात लावण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. त्या विमानात स्पेरीचे कृत्रिम क्षितिज आणि कोल्समनचा नाजूक उंचीमापक बसवला होता. खरे क्षितिज हरवले, तरी फिरत्या भोवऱ्याच्या स्थैर्यावर आधारलेले एक छोटे क्षितिज काचेच्या आड जपून ठेवता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

या शिक्षणावाचून काय होते, तेही पुढे मोजले गेले. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात यंत्राधारित उड्डाणाचे शिक्षण न घेतलेल्या वीस वैमानिकांना कृत्रिमरीत्या ढगासारख्या परिस्थितीत नेण्यात आले. वीसच्या वीस जणांचा विमानावरील ताबा सुटला. त्यांना लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी. थोडेसे शिक्षण दिल्यावर मात्र त्यांना यंत्राकडे पाहून सुरक्षितपणे माघारी वळता येऊ लागले. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला एकच धडा घोकून घ्यावा लागतो: तुझ्या अंगाला काय वाटते ते विसर, यंत्र सांगते ते मान.

येथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण पुढे आहे. यंत्रही बिघडते.

ते दोन प्रकारांनी बिघडते. पहिला प्रकार प्रामाणिक म्हणावा लागेल. तबकडीवर लाल निशाण येते, काटा निपचित पडतो, पडदा काळा होतो. यंत्र जणू सांगते, की मला आता काही ठाऊक नाही, मला विचारू नका. दुसरा प्रकार मात्र भयंकर आहे. जुन्या धाटणीच्या लहान विमानांत कृत्रिम क्षितिजाचा भोवरा एका निर्वात पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतो. तो पंप एकाएकी मोडू शकतो. पण पंप मोडला म्हणून भोवरा लगेच थांबत नाही. तो हळूहळू मंदावतो आणि मंदावता मंदावता कलतो. काही मिनिटे यंत्र पूर्वीच्याच रुबाबात एक क्षितिज दाखवत राहते आणि ते क्षितिज अगदी सावकाश खोटे होत जाते. ज्याने इमानाने यंत्राकडे पाहण्याची सवय लावून घेतली आहे, तो त्या खोट्या क्षितिजाच्या मागोमाग आपले विमानही कलते करतो. म्हणजे त्याचा घात त्याच्या शिस्तीच्या वाटेनेच होतो.

हे केवळ लहान विमानातच घडते असे नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. धावपट्टी सोडून ते समुद्रावर आले. खाली काळे पाणी, वर काळे आकाश, क्षितिज कोठेच नाही. उजवीकडचे एक साधे वळण घेऊन विमान सरळ झाले, पण कॅप्टनपुढचे यंत्र ते उजवीकडे कललेलेच असल्याचे दाखवत राहिले. ते सरळ करण्यासाठी त्याने डावीकडे सुकाणू फिरवले आणि खरोखर सरळ असलेले विमान डावीकडे कलत गेले. सहवैमानिकापुढे दुसरे यंत्र होते, राखीव तिसरेही होते. आपले यंत्र ढळल्याचे कॅप्टनच्या लक्षात आले, तेव्हा सहवैमानिकालाही आपले यंत्र ढळले आहे असेच वाटले. त्या यंत्रावर विसंबू नका, असे फ्लाइट इंजिनिअरने अखेरच्या काही सेकंदांत सांगितले, परंतु तोवर उशीर झाला होता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. मुंबईच्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांत नववर्षाच्या आठवणीला त्या रात्रीची सावली कायमची चिकटली. चौकशीत बोट यंत्राकडे दाखवले गेले, तसेच कॅप्टनने सुकाणू ज्या रीतीने फिरवले त्याकडेही दाखवले गेले आणि इतर यंत्रांच्या आधारे विमान सावरता आले असते, असा ठपका ठेवण्यात आला.

आता आपल्या प्रश्नाची धार ध्यानात यावी. ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षे शिकवले, की स्वतःवर नव्हे तर यंत्रावर विश्वास ठेव, त्यालाच एका रात्री आपण विचारतो, की तू यंत्रावर विश्वास का ठेवलास? हा अन्याय नव्हे काय? विश्वास ठेवणे हा सद्गुण आणि तोच दोष, असे एकाच वेळी कसे असू शकेल?

आपल्याकडील दर्शनकारांनी या गाठीचा फार पूर्वी विचार केला आहे. मीमांसकांचे म्हणणे असे, की ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. ज्ञान झाले, की ते खरे मानून चालावे. त्याला खोडून काढणारे दुसरे ज्ञान पुढे आले, तरच ते सोडावे. नैयायिक हे मानीत नाहीत. ज्ञान खरे आहे की नाही, हे बाहेरून ठरते, असे ते म्हणतात. दुरून पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, म्हणजे ते पाण्याचे ज्ञान खरे होते. कृती सफल झाली, की ज्ञानाची पावती मिळाली.

वैमानिकाला या दोन्ही मतांची गरज आहे आणि एकटे कोणतेही मत त्याला तारू शकत नाही. प्रत्येक क्षणी प्रत्येक यंत्राचे प्रामाण्य तपासत बसला, तर त्याला विमान चालवताच येणार नाही. म्हणून सामान्य वेळी त्याने मीमांसकासारखे वागले पाहिजे. पण खोट्या क्षितिजाला खोडून काढणारे बाधक ज्ञान ढगात आपोआप समोर येत नाही, ते शोधावे लागते. आणि नैयायिकाची कसोटी लावावी, तर कृती असफल झाली हे कळेपर्यंत सारे संपलेले असते. मृगजळाकडे धावणारा तहानलेला परत फिरू शकतो, पण ढगातून खाली येणाऱ्या विमानाला ती सवड नसते. तेव्हा कृतीच्या फळापर्यंत न थांबता ज्ञानाची पारख करता येईल, अशी तिसरी वाट हवी.

ती वाट म्हणजे स्वतंत्र साक्षीदारांचा मेळ. वैमानिकापुढे परंपरेने सहा मुख्य यंत्रे असतात: वेगमापक, कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, वळणदर्शक, दिशादर्शक आणि चढउतार दाखवणारे यंत्र. पण ही सहा यंत्रे म्हणजे सहा साक्षीदार नव्हेत. जुन्या लहान विमानात वेग, उंची आणि चढउतार ही तीन यंत्रे बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतात. क्षितिज आणि दिशादर्शक हे दोघे त्या एका निर्वात पंपावर जगतात. वळणदर्शक बहुधा विजेवर चालतो. यांखेरीज वर, काचेपाशी, होकायंत्र टांगलेले असते. ते सतत हेलकावते, वळताना चुकते, पण ते कोणाच्याही दयेवर जगत नाही. आता क्षितिज म्हणते की विमान उजवीकडे कलले आहे, परंतु वळणदर्शक स्वस्थ आहे आणि होकायंत्राचा आकडाही बदलत नाही. अशा वेळी क्षितिज खोटे बोलते आहे. येथे दिशादर्शकाने क्षितिजाला दुजोरा दिला, तरी त्या दुजोऱ्याला किंमत नाही, कारण ते दोघे एकाच पंपाचे आश्रित आहेत. एका झऱ्यातून भरलेल्या दोन घागरींची चव सारखी लागली, म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही.

हा विचार विमानापुरता राहत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. गावात एखाद्याविषयी वाईट बोलले जाते. दहा जण तेच सांगतात, म्हणून आपण ते खरे मानतो. परंतु त्या दहांनी ते एकाच तोंडून ऐकलेले असते. संख्या दहा, साक्ष एक. साक्षीदार मोजण्याआधी त्यांचे उगम मोजावेत, हा नियम ज्याने पाळला असेल, त्याच्या हातून शेजाऱ्यावर होणारे कितीतरी अन्याय टळले असतील.

आधुनिक यंत्रविद्येने हाच नियम गणिताच्या भाषेत मांडला आहे. उपग्रहांच्या साहाय्याने विमानाला आपले स्थान कळण्यासाठी चार उपग्रहांचे संदेश लागतात. चार असले, की उत्तर मिळते. पण ते उत्तर खरे की खोटे, हे त्या चारांवरून कळत नाही. पाचवा उपग्रह मिळाला, की कोणीतरी चुकतो आहे एवढे कळू शकते, पण कोण चुकतो ते कळत नाही. सहावा मिळाला, तर चुकणाऱ्याला ओळखून वगळता येते. उत्तरापुरते ज्ञान, शंकेपुरते ज्ञान आणि निवाड्यापुरते ज्ञान, अशा या तीन पायऱ्या आहेत. आपण बहुतेक जण आयुष्यभर पहिल्या पायरीवर उभे राहून तिसऱ्या पायरीच्या थाटात निवाडे देत असतो.

जमिनीवरून दिशा दाखवणारी व्हीओआर नावाची रेडिओकेंद्रे असतात. त्यांच्याबाबतही एक सुंदर नियम आहे. प्रत्येक केंद्र आपला संकेत देता देता मोर्सच्या लिपीत आपले नाव उच्चारत असते. केंद्राच्या दुरुस्तीचे काम चालू असेल, तेव्हा ते नाव बंद केले जाते. संकेत येत राहू शकतो, काटाही हलू शकतो, पण नाव ऐकू येत नाही. अशा काट्याचे ऐकायचे नाही, असे वैमानिकाला शिकवले जाते. जो दिशा दाखवतो पण आपली ओळख देत नाही, त्याच्यामागे जाऊ नये. निनावी पत्रावरून कोणाचे चारित्र्य ठरवणाऱ्यांनीही हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

एवढ्याने शंकेचे महत्त्व पटले, तरी शंकेचा अतिरेकही घातक असतो, हे विसरता कामा नये. एक यंत्र खोटे निघाल्यावर मनाला वाटते, की आता कशावरच विश्वास नको. त्या क्षणी शरीराची जुनी कुजबुज पुन्हा सुरू होते: यंत्रे खोटी, मीच खरा. ही कुजबुज ऐकणारा १७८ सेकंदांच्या त्या वाटेला लागतो. म्हणून शंका बिघडलेल्या यंत्रापुरतीच असावी आणि तिने बाकीच्यांवरचा विश्वास दृढ करावा. कृत्रिम क्षितिज गेले, तरी वळणदर्शक, वेग आणि उंची यांच्या आधारे विमान सांभाळता येते. अपुऱ्या यंत्रांवर उडण्याचा हा सराव प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतला जातो. विश्वासघात झाल्यावर साऱ्या जगावरचा विश्वास उडवून बसणाऱ्या माणसाचे आणि या वैमानिकाचे दुखणे एकच आहे, आणि उपायही एकच.

त्या सरावात आणखी एक गोष्ट शिकवली जाते. यंत्र बिघडले आहे, हे कळल्यावर ते झाकून टाकायचे. त्यासाठी रबराची छोटी चकती मिळते, ती नसेल तर कागदाचा तुकडाही चालतो. कोणी विचारील, यंत्र खोटे आहे हे कळल्यावर ते झाकायचे कशाला? कारण कळणे आणि वळणे यांत अंतर आहे. डोळ्यांना वर्षांची सवय असते. मन एका क्षणी ठरवते, की त्या यंत्राकडे पाहायचे नाही आणि दुसऱ्याच क्षणी नजर तेथे जाते. तेथील सुबक, ठळक, खोटे क्षितिज हाताला हलवते. ज्याला स्वतःच्या निश्चयाची मर्यादा ठाऊक आहे, तो निश्चयावर विसंबत नाही. तो मोहाचे स्थान नजरेआड करतो. यात दुर्बळपणा नाही, आत्मज्ञान आहे.

यापुढचा प्रश्न सांगण्याचा आहे. वैमानिकांना क्रम शिकवला जातो तो असा: आधी विमान सांभाळ, मग मार्ग पाहा, मग बोल. बोलणे तिसरे असले, तरी ते ऐच्छिक नाही. अमेरिकेत यंत्राधारित उड्डाण करणाऱ्याचे दिशादर्शनाचे वा संपर्काचे साधन नियंत्रित हवेत बिघडले, तर ते शक्य तितक्या लवकर हवाई वाहतूक नियंत्रकाला कळवलेच पाहिजे, असा नियम आहे. काय कळवायचे, हेही नियमातच आहे. विमान कोणते, साधन कोणते बिघडले, त्यामुळे यंत्राधारित उड्डाणाची क्षमता किती उणावली आणि मदत कोणती व किती हवी. मी कोण, माझे काय मोडले, त्यामुळे मी किती उणा झालो आणि मला तुमच्याकडून काय हवे, हे एका कायद्याच्या कलमात इतक्या नेमकेपणाने लिहिलेले पाहून आश्चर्य वाटते. माणसाला सर्वांत जड जाणारी ही चार वाक्ये आहेत. घर कर्जात बुडत असता शेजाऱ्यांपुढे ऐट मिरवणारा कर्ता पुरुष, दृष्टी मंदावली तरी ते लपवून वाहन चालवणारा चालक, विषय समजला नाही तरी मान डोलावणारा विद्यार्थी, यांपैकी कोणीही ही चार वाक्ये वेळेवर बोलत नाही.

सांगण्याची सक्ती का? कारण हवा एकट्याची नाही. त्याच ढगात, काही अंतरावर दुसरे विमान आहे. आपण ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या मार्गावर आहोत, असे गृहीत धरून नियंत्रकाने त्याला वाट दिलेली आहे. आपले मौन त्याच्याही प्राणाशी खेळते. खोटे न बोलताही खोटेपणा करता येतो. दुसरा आपल्याविषयी जे गृहीत धरून चालला आहे, ते आता खरे राहिले नाही हे ठाऊक असून गप्प राहणे, हा असाच खोटेपणा होय.

आणि बोलण्याचे साधनच बिघडले तर? त्याचाही नियम आहे. नियंत्रकाने शेवटी दिलेला मार्ग धरायचा, तो नसेल तर पुढे मिळेल असे सांगितलेला, तोही नसेल तर निघताना लिहून दिलेला. थोडक्यात, आपल्याविषयी दुसऱ्याने जी अपेक्षा बाळगली असेल, ती पूर्ण करायची. जमिनीवरचा नियंत्रक त्या मुक्या विमानाच्या वाटेतून इतरांना बाजूला काढतो, तो याच भरवशावर. जेथे शब्द पोहोचू शकत नाही, तेथे दिलेल्या शब्दाप्रमाणे वागणे हेच बोलणे ठरते. मात्र मार्गात स्वच्छ हवा लागली, तर स्वच्छ हवेतच राहून जमेल तेवढ्या लवकर उतरावे, असेही तो नियम सांगतो. वचनाला चिकटून राहणे म्हणजे ढगात राहण्याचा हट्ट नव्हे.

येथे एक कटू घटना नोंदवणे भाग आहे, कारण तिच्यावाचून हा विचार फार गोड होईल. १६ ऑक्टोबर २००० च्या रात्री मिसुरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहन हे सेस्ना ३३५ या दोन इंजिनांच्या लहान विमानातून निघाले. हवा वाईट होती. विमान त्यांचा मुलगा चालवत होता. मुख्य कृत्रिम क्षितिज बिघडल्याचे त्याने नियंत्रकाला कळवले. उजव्या आसनापुढच्या दुसऱ्या यंत्राच्या आधारे विमान चालवण्याचा प्रयत्न करतो आहे, असेही सांगितले. म्हणजे बिघाड ओळखला, दुसरा साक्षीदार शोधला, मदत मागितली. तरीही विमान कोसळले आणि त्यातील तिघेही गेले. डावीकडे बसून उजवीकडचे यंत्र पाहायला मान वळवावी लागते आणि ढगात मान वळवणे म्हणजे कानातील त्या फसव्या द्रवाला हलवणे. चौकशी मंडळाने वैमानिकाचा दिशाभ्रम व त्यामुळे सुटलेला ताबा हे कारण दिले आणि यंत्राचा बिघाड व प्रतिकूल हवा यांना साहाय्यक कारणे म्हटले.

योग्य ते केले, की योग्य ते फळ मिळतेच, असे या घटनेनंतर कोणाला म्हणता येणार नाही. मग आपल्या प्रश्नाचे उत्तर काय? फसलेला दोषी की निर्दोष?

याचे उत्तर देण्यासाठी प्रथम कारण आणि दोष हे दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. चौकशी मंडळ कारण शोधते. पुढच्या विमानाने वाचावे म्हणून, घटनांच्या साखळीतील कोणती कडी बदलली असती तर अपघात टळला असता, ते पाहते. त्या यादीत माणसाचा हात आला, म्हणजे त्या माणसाच्या अंतःकरणावर निकाल लागला, असे नव्हे. हा भेद न पाळल्यामुळे आपण मृतांवर आणि त्यांच्या घरच्यांवर फार मोठा अन्याय करतो. ज्या स्थितीत निरोगी शरीर खोटे सांगते, यंत्र खोटे दाखवते आणि वेळ सेकंदांत मोजावा लागतो, तेथे हाताने चुकीची हालचाल केली, तर तिला पाप म्हणण्याचा अधिकार जमिनीवर सुरक्षित बसलेल्या कोणालाही नाही.

परंतु याचा अर्थ दोष कोठेच नसतो, असाही नव्हे. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सांगितले आहे, की अज्ञानाने केलेल्या कृत्याला आपण क्षमा करतो, पण त्या अज्ञानाला माणूस स्वतःच जबाबदार असेल, तर करीत नाही. मद्यप्याला शुद्ध नव्हती हे खरे, पण पिणे त्याच्या हाती होते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज विचारवंत विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली एका जहाजमालकाचे उदाहरण मांडले. जहाज जुने झाले आहे, ही शंका त्याच्या मनात येते आणि ती तो गोड विचारांनी दाबून टाकतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, की त्याचा विश्वास अगदी प्रामाणिक होता हे खरे मानले, तरी तो दोषी आहे, कारण तसा विश्वास बाळगण्याचा अधिकार त्याने चौकशी करून मिळवला नव्हता. क्लिफर्डचे पुढचे म्हणणे अधिकच कठोर आहे. ते जहाज सुखरूप पोहोचले असते, तरीही तो तेवढाच दोषी ठरला असता.

म्हणजे दोष शोधायचा असेल, तर तो ढगातल्या त्या तीन मिनिटांत शोधू नये. तो त्याच्या आधी, स्वच्छ उन्हात, जमिनीवर शोधावा. अमेरिकी नियमानुसार यंत्राधारित उड्डाणासाठी वापरायचा व्हीओआर ग्राहक गेल्या तीस दिवसांत तपासलेला असावा लागतो आणि तपासणीची तारीख, ठिकाण व आढळलेली चूक लिहून खाली सही करावी लागते. दोन ग्राहक असतील, तर त्यांना एकमेकांशी ताडून पाहता येते आणि त्यांच्यातील फरक चार अंशांहून अधिक चालत नाही. ते काम कंटाळवाणे आहे. तेथे ढग नाही, भय नाही, टाळ्या नाहीत. न तपासता सही ठोकली, तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडलेल्या यंत्राची कटकट लक्षात येऊनही "यावेळी जाऊन येऊ, मग बघू" असे म्हणणारा, अपुऱ्या यंत्रांचा सराव वर्षानुवर्षे न करणारा, मागे बसलेल्या माणसांना आपल्या तयारीची कल्पना न देता वाईट हवेत निघणारा, हे दोषाचे खरे धनी होत, मग त्यांचे विमान शंभर वेळा सुखरूप उतरो. उलट, ज्याने हे सारे निष्ठेने केले आणि तरीही ज्याला ढगाने गिळले, तो दुर्दैवी आहे, अपराधी नव्हे.

मालक, यंत्रज्ञ, यंत्र बनवणारे आणि नियम करणारे यांनाही हाच न्याय लागू आहे. आता नव्या विमानांत भोवऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदे आले आहेत आणि मार्गदर्शनाचा बराचसा भार उपग्रहांवर गेला आहे. पण गेल्या काही वर्षांत युद्धग्रस्त प्रदेशांजवळ उपग्रहांचे संदेश दाबले जाण्याच्या आणि बनावट संदेश पेरले जाण्याच्या घटना वाढल्या. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये याविषयी परिपत्रक काढले. अमेरिकेने उपग्रह आल्यावर पुष्कळ व्हीओआर केंद्रे बंद करायला घेतली, तरी त्यांतील एक किमान जाळे मुद्दाम राखून ठेवले आहे, ते याचसाठी. नव्या साक्षीदाराला कोणी वश केले, तर वेगळ्या उगमाचा जुना साक्षीदार हाताशी असावा. काटकसरीच्या नावाखाली तो शेवटचा साक्षीदारही निवृत्त करणारा अधिकारी क्लिफर्डच्या जहाजमालकाच्याच पंक्तीत बसेल.

विश्वास आणि शंका यांना आपण एकमेकांचे वैरी समजतो. ढगातल्या त्या लहान विमानात ती एकाच कामाची दोन अंगे असल्याचे दिसते. विश्वास ठेवण्यावाचून आपली सुटका नाही. आईबापांवर, शिक्षकांवर, वर्तमानपत्रावर, वैद्यावर आणि आपल्या स्वतःच्या मनावरही विसंबूनच आपल्याला दिवस काढावा लागतो. त्यांतील कोणता आधार केव्हा ढळेल, हे आधी कोणी सांगू शकत नाही आणि तो ढळला म्हणून कोणी आपल्याला दोष देऊ नये. पण विसंबण्यापूर्वी त्या आधाराची पारख केली होती काय, वेगळ्या उगमाचा दुसरा साक्षीदार जवळ ठेवला होता काय, आणि आधार ढळल्याचे कळताच ज्यांचे प्राण आपल्यावर अवलंबून आहेत त्यांना ते सांगितले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र यंत्राला देता येत नाहीत. ती आपल्यालाच द्यावी लागतात, आणि ती देण्याची तयारी हवा स्वच्छ असतानाच करावी लागते.